मुलाची ‘इम्युनिटी’ बिघडली म्हणून ऑटिझम झाला का?

प्रश्न नागपुरातल्या एका आईचा आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. सव्वा वर्षाचा असताना पाच-सहा शब्द बोलायचा, पुढच्या काही महिन्यांत ते एकेक करून गेले, आणि गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. गरोदरपणात पाचव्या महिन्यात त्यांना डेंग्यू झाला होता, आठवडाभर भरती होत्या. आता कुणीतरी सांगितलंय की पोराची इम्यून सिस्टिम बिघडली आहे, रक्ताचं मोठं पॅनल करा, मग इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, चढवा. त्यांना विचारायचंय ते असं: माझ्या तापामुळे झालं का, लसीमुळे झालं का, या तपासण्या करू का. आणि अगदी खाली, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: ‘ताप आला की हा वेगळाच होतो, मांडीवर येऊन बसतो, डोळ्यांत बघतो, असं कसं?’

ताई, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. बावीस वर्षांपासून मी मुलांच्या मेंदूचे आजार बघतोय, त्यातली बरीचशी नागपूरच्या धंतोलीत गेली, आणि हे वाक्य कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलंय. पहिली काही वर्षं मी ते हसून सोडून द्यायचो. तापानं मूल गळतं, धावपळ थांबते, आईला वाटतं शहाणं झालं, एवढाच अर्थ मी काढायचो. तो अपुरा होता. २००७ साली अमेरिकेत ३० ऑटिस्टिक मुलांच्या पालकांकडून तापाच्या काळातल्या आणि ताप उतरल्यानंतरच्या वागण्याच्या नोंदी घेतल्या गेल्या. मुलं मलूल झाली होती हे खरंच, पण चिडचिड, त्याच त्या हालचाली, असंबद्ध बोलणं हेही कमी झालं होतं, आणि सगळा फरक मलूलपणाच्या खात्यावर टाकता येत नव्हता. पुढे दोन हजारांवर कुटुंबांची माहिती तपासली, तेव्हा सुमारे १७ टक्के पालकांनी तापात सुधारणा दिसते असं सांगितलेलं होतं. म्हणजे सहा घरांमागे एक. तुमचं घर त्यातलं.

असं का होतं, याचा सगळ्यात चांगला धागा उंदरांकडून मिळालाय. ग्लोरिया चोई आणि जुन हू यांच्या गटांनी २०१६ मध्ये दाखवलं, की विषाणूचा संसर्ग झाल्याचा आभास गाभण उंदरिणीच्या शरीरात निर्माण केला, तर तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-१७ए नावाचं रसायन वाढतं आणि पिल्लांच्या मेंदूच्या बाहेरच्या थराची घडण काही ठिकाणी विस्कटते. ती पिल्लं मोठी झाली की इतर उंदरांत मिसळत नाहीत. पिंजऱ्यात गोट्या टाकल्या तर त्या भुशात पुरत बसतात. २०२० मध्ये अशाच मोठ्या झालेल्या पिल्लांना संसर्गासारखा झटका दिला गेला, आणि काही काळ ती इतरांत मिसळू लागली. हे घडवणारं रसायन कुठलं? पुन्हा तेच, इंटरल्यूकिन-१७ए. मेंदूच्या एका ठरावीक भागात ते थेट सोडलं तरी पुरत होतं. गर्भात घात करणारी वस्तू पुढे तेवढ्यापुरती उपकारी ठरली.

माझ्या उत्तराचा गाभा इथेच आहे. ‘इम्युनिटी कमी आहे’, ‘इम्युनिटी वाढवा’ ही भाषा सर्दीच्या काढ्यापुरती ठीक. ऑटिझममध्ये प्रतिकारसंस्थेचा हात कुठे दिसतो, तर तिथे ती किती आहे याला फारसा अर्थ नसतो. कधी आणि कुठे जागी झाली याला असतो. तुमच्या मुलाला वर्षातून दहा वेळा सर्दी होते की दोन वेळा, यावरून त्याच्या ऑटिझमबद्दल काहीच कळत नाही.

एका वडिलांनी हे ऐकून मला विचारलं होतं, ‘मग मे महिन्यात कूलर बंद ठेवून पाहू का?’ त्यांना मी जरा जोरातच ‘नाही’ म्हणालो असेन. नागपूरचा मे म्हणजे ४५-४६ अंश. बाहेरच्या उन्हानं शरीर तापणं आणि आतून ताप येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हानं हे रसायन हवं तिथे पोहोचत नाही, पोहोचतो तो उष्माघात. मलेरियाचा ताप मुद्दाम आणून मेंदूचा आजार बरा करण्याबद्दल वॅग्नर-याउरेग यांना १९२७ चं नोबेल मिळालं होतं खरं, पण तो आजार उपदंशाचा होता, आणि पेनिसिलिन आल्यावर तो उपचार कुणी जवळही केला नाही.

आता प्रतिकारसंस्था मेंदूत करते काय, ते थोडं सविस्तर सांगतो. शाळेत आपण शिकलो की ती पहारेकरी आहे. मेंदूत तिच्याकडे दुसरंही काम आहे, आणि ते बांधकामाचं आहे. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी मुळात प्रतिकारसंस्थेच्या घरच्या. स्पेनच्या पिओ देल रिओ-होर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. गर्भ जेमतेम महिना-सव्वा महिन्याचा असताना त्या मेंदूत शिरतात आणि तिथल्याच होऊन जातात. बाळाच्या मेंदूत चेतापेशींचे जोड गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात, आणि मग नको ते कमी करावे लागतात. काटोल-वरुडकडून येणाऱ्या पालकांना हे समजावणं मला सोपं जातं. संत्र्याच्या झाडाची सल काढली नाही, दाटलेल्या फांद्या विरळ केल्या नाहीत, तर बहार धरत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मायक्रोग्लिया मेंदूतली ती छाटणी करतात. कुठला जोड कापायचा हे ओळखायला त्या ज्या प्रथिनांची खूण बघतात, ती ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनं एरवी रक्तात जंतूंवर खूण करायला असतात. बेथ स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००७ पासून टप्प्याटप्प्यानं उलगडलं.

आता अडचण बघा. छाटणीला लावलेला माणूसच पहाऱ्यावर आहे. ऐन हंगामात ‘चोर आला’ अशी ओरड झाली, तर तो हातातली कात्री घेऊनच धावणार. मग कुठे जास्त कापलं जातं, कुठे कापायचं राहून जातं. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या ११ मृत व्यक्तींच्या मेंदूचे नमुने तपासले, तेव्हा मायक्रोग्लिया चेतलेल्या अवस्थेत सापडल्या. हा शोध मोठा आहे. पण तो मृत्यूनंतरचा फोटो आहे. आग आधी लागली की जोड आधी बिघडले म्हणून पेशी धावून आल्या, हे त्या फोटोवरून ठरत नाही. ‘मेंदूला सूज आहे, सूज उतरवू’ असं सांगून औषधं विकणारे याच एका फोटोवर दुकान चालवतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणि हे सगळं एका मोठ्या गोष्टीच्या आत बसवून बघायचं. पाच देशांतल्या सुमारे २० लाख मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात ऑटिझमच्या शक्यतेतला जवळपास ८० टक्के फरक आनुवंशिक घटकांशी जोडता आला. प्रतिकारसंस्थेचा धागा उरलेल्या वाट्यात आणि काही अंशी या ८० टक्क्यांच्या आतही गुंतलेला आहे, कारण ती कशी वागणार हेही जनुकंच ठरवतात. आईला आमवात (र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) किंवा सीलिॲक हा गव्हानं आतडं बिघडवणारा आजार असेल, घरात कुणाला लहानपणापासूनचा मधुमेह असेल, तर मुलात ऑटिझमची शक्यता किंचित जास्त असते, हे डेन्मार्कच्या नोंदींत २००९ मध्ये दिसलं. ऑटिझम असलेल्या मुलांच्या काही आयांच्या रक्तात, साधारण दहा-बारा टक्क्यांच्या, बाळाच्या मेंदूतल्या प्रथिनांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांची विशिष्ट जोडी सापडते, असं कॅलिफोर्नियातल्या ज्यूडी व्हॅन डी वॉटर यांच्या गटानं दाखवलं. ते काम मला महत्त्वाचं वाटतं, पण त्यावरून आज दवाखान्यात कुणाचं काही बदलत नाही.

तुमच्या डेंग्यूबद्दल. २०१० च्या डॅनिश अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत विषाणूच्या आजारानं भरती व्हावं लागलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझम जास्त दिसला. तुमचा पाचवा महिना होता, हे एक. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २०२२ मध्ये स्वीडनच्या साडेपाच लाख मुलांच्या नोंदी एका हुशार पद्धतीनं तपासल्या गेल्या. गरोदरपणातल्या संसर्गासोबत त्यांनी गरोदरपणाच्या आदल्या वर्षीचा संसर्गही मोजला. ऑटिझमशी त्याचाही तेवढाच संबंध दिसला! पोटात बाळच नाही, तर त्याला इजा कुठून होणार? मग सख्ख्या भावंडांची तुलना केली, एकाच्या वेळी आईला संसर्ग झालेला, दुसऱ्याच्या वेळी नाही. तिथे फरक उरला नाही. म्हणजे ज्या घरांत संसर्गानं भरती व्हायची वेळ जास्त येते, त्या घरांत ऑटिझमकडे झुकणारं काहीतरी दुसरंच सामायिक असावं, असा त्याचा अर्थ लागतो. उंदरांचा प्रयोग त्यामुळे खोटा पडत नाही. तिथे सगळे उंदीर एका वाणाचे, डोस ठरलेला, गर्भाचा दिवस ठरलेला. माणसात इतकं जुळून येत नाही.

समजा जुने आकडे जसेच्या तसे धरले आणि तापानं शक्यता तीस टक्क्यांनी वाढते असं मानलं, तरी शंभरात एक मूल असेल तिथे हजारात तेरा होतील. उरलेल्या ९८७ आयांनाही ताप आलेलाच असतो. तापात तुम्ही पॅरासिटामॉल घेतलं असेल, त्याचंही मनात घेऊ नका. स्वीडनमधल्याच जवळपास २५ लाख मुलांच्या २०२४ च्या अभ्यासात भावंडांची तुलना केल्यावर पॅरासिटामॉल आणि ऑटिझमचा संबंध उरला नाही. डेंग्यूच्या तापात द्यायचं औषध तेच होतं.

लसीचा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. परवाच एक आजी म्हणाल्या, ‘काहून डॉक्टर, सुई दिल्यावरच तं पोट्टं मुकं झालं ना बाप्पा?’ त्यांना दिसलं ते खोटं नव्हतं. एमआर (गोवर-रुबेला) लसीचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो, आणि ऑटिझममध्ये शब्द जायचे असतील तर नेमके याच वयात जातात. दोन गाड्या एका वेळी फलाटावर आल्या, म्हणून एकीनं दुसरीला आणलं असं होत नाही. ज्या लेखावरून जगभर ही भीती पसरली, तो अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा लेख फक्त १२ मुलांवर होता. त्यात अप्रामाणिकपणा झाल्याचं उघड झालं, २०१० मध्ये ‘लॅन्सेट’नं तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदणीतून काढलं गेलं. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा पाठपुरावा केला, त्याचा निकाल २०१९ मध्ये आला: लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त नाही.

गंमत म्हणा की दुर्दैव, ज्या विषाणूमुळे ऑटिझम होऊ शकतो याचा सगळ्यात जुना पुरावा आहे, त्याच विषाणूविरुद्ध ही लस आहे. अमेरिकेत १९६४ च्या रुबेलाच्या साथीनंतर गर्भातच संसर्ग झालेल्या २४३ मुलांचा स्टेला चेस यांनी अभ्यास केला. त्यातल्या १० मुलांत पूर्ण आणि ८ मुलांत अंशतः ऑटिझम सापडला. त्या काळच्या मानानं हे प्रमाण प्रचंड होतं. एमआरमधला ‘आर’ तोच.

आणि ‘एम’ची, गोवराची, मला वेगळी धास्ती आहे. काही वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातून नऊ वर्षांचा मुलगा आला. शाळेत मागे पडला, वागणं बदललं, कुणीतरी ‘ऑटिझमसारखं’ म्हणून पाठवलेला. तपासताना दर काही सेकंदांनी त्याची मान खाली जायची, हातातली वस्तू सुटायची. लहानपणी गोवर झाला होता, लस घेतलेली नव्हती. तो एसएसपीई होता, गोवराचा विषाणू मेंदूत दबा धरून वर्षांनी उठतो तो आजार. त्याला आजही खात्रीचा उपचार नाही. म्हणून धाकट्या भावंडाची लस थांबवू का असं पालक विचारतात, तेव्हा माझा आवाज थोडा चढतो.

तपासण्यांच्या पॅनलबद्दल थोडक्यात. ते करू नका. त्या यादीत सहसा अन्नाच्या आयजीजी, म्हणजे एका जातीच्या प्रतिपिंडांच्या, चाचण्या असतात; गहू-दुधाविरुद्ध आयजीजी सापडणं म्हणजे मूल गहू-दूध खातं, एवढंच. त्यावरून पोळी आणि दूध बंद केलेली, हाडं दिसायला लागलेली मुलं मी पाहिली आहेत. एएसओ, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस जंतूविरुद्धची प्रतिपिंडं, वाढलेलं असतं, कारण शाळकरी वयातल्या कितीतरी मुलांना घशाचा स्ट्रेप्टोकॉकस कधीतरी होऊन गेलेला असतो. सायटोकाइन या प्रतिकारसंस्थेच्या निरोप्या रसायनांचे आकडे सकाळी एक, सर्दी झाली की दुसरे. एवढी पानं हातात आली की त्यातला एखादा आकडा तांबड्या अक्षरात असणारच, आणि मग त्या आकड्यावर उपचार सुरू होतो.

मात्र काही मुलांत मी स्वतः धावपळ करून प्रतिकारसंस्थेच्या तपासण्या करतो, आणि ती मुलं ओळखता आली पाहिजेत. चांगलं बोलणारं, खेळणारं, तीन-चार वर्षांच्या पुढचं मूल काही दिवसांत किंवा आठवड्यांत बदलतं. झोप उडते, झटके येतात, तोंडाच्या-हातांच्या विचित्र हालचाली सुरू होतात, बोलणं बंद पडतं. हा ऑटिझम नसतो. चेतापेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा मेंदूदाह असू शकतो, जो जोसेप दालमाऊ यांनी २००७ मध्ये उलगडला. पाठीच्या पाण्याची तपासणी करून निदान होतं, आणि स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, गरज पडली तर रितुक्सिमॅब देऊन बहुतेक मुलं सावरतात. घसादुखीनंतर काही आठवड्यांनी हातपाय नाचल्यासारखे हलू लागले, मूल हळवं-चिडकं झालं, तर संधिज्वराचा कोरिया असतो. आपल्याकडे तो अजून दिसतो आणि त्यात हृदयाची इको करावीच लागते. झोपेतल्या ईईजीत (मेंदूच्या विजेच्या आलेखात) सापडणारा, बोलणं हिरावणारा मिरगीचा एक प्रकारही आहे. तुमच्या मुलाचे शब्द सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान हळूहळू गेले, झटके नाहीत, चालण्यात फरक नाही. हे चित्र ऑटिझमचं नेहमीचं आहे. झोपेतला ईईजी झाला नसेल तर शब्द गेले म्हणून एकदा करून घेऊ, बाकी काही नाही.

इम्युनोग्लोब्युलिनचा डोस किलोमागे २ ग्रॅमपर्यंत असतो. पंधरा किलोच्या मुलाला ३० ग्रॅम. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून ते बनतं, महाग असतं, आणि ज्यांना खरंच लागतं त्यांनाच कधीकधी मिळत नाही. डोकेदुखी, मेंदूच्या आवरणाचा दाह, क्वचित रक्ताची गुठळी हे धोके आहेत. ऑटिझमसाठी ते द्यावं असा पुरावा नाही. स्टेम सेलचंही (मूळ पेशींचंही) तेच: अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १८० मुलांवर नाळेच्या रक्ताची चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला, मुख्य मोजमापात फरक नव्हता. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसारख्या आजारात मान्यताप्राप्त चाचणीबाहेर स्टेम सेल देणं अनैतिक आहे. मुलाच्या नावावरचा प्लॉट विकून आलेल्या एका वडिलांना मी हे सांगितलं, तेव्हा दोन इंजेक्शनं होऊन गेली होती.

पैसा आणि दम कुठे लावायचा ते सांगतो. बेरा चाचणी करून ऐकू येतं याची खात्री. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, कारण लोह कमी असलं की ही मुलं रात्रभर पाय झाडतात. मग नाक. हो, नाकच. प्रतिकारसंस्थेचं खरंखुरं, आज उपचार करता येईल असं काही या मुलांत असेल तर ती साधी ॲलर्जी असते. पावसाळा संपताना गाजरगवत फुलतं, त्यात आपल्याकडची धूळ. नाक चोंदतं, तोंड उघडं टाकून मूल झोपतं, रात्री चार वेळा उठतं आणि दिवसभर डोकं आपटतं. त्याला सांगता येत नाही की नाक बंद आहे. एका मुलीचं डोकं आपटणं नाकातल्या स्प्रेनं आणि एडिनॉइडच्या (नाकामागच्या गाठीच्या) ऑपरेशननं निम्म्यावर आलेलं मी पाहिलंय. बद्धकोष्ठता, किडलेला दात, खाजणारं इसब हेही तसंच बघायचं. उरलेला सगळा जोर स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीवर, आणि तीही तुम्ही शिकून घरी रोज करायची. आठवड्यात दोन तास कुठेतरी नेऊन सोडल्यानं भागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, तेव्हा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा. नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्यविमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीही धरतात.

पुढच्या वेळी ताप आला की पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या, किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी, पाणी पाजत राहा. मांडीवर येऊन बसला तर बसू द्या, त्याच्याशी बोला, गाणं म्हणा. आणि त्याच्या बाबांना सांगून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, तारीख आणि ताप किती होता ते लिहून. ताप उतरल्यावर चार दिवसांनी त्याच वेळी आणखी एक काढा. ओपीडीला येताना तो मोबाइल आणा, दोन्ही शेजारी लावून बघू.